न मागितलेला उपकार

जुलै २०१७च्या अखेरीस देशाच्या अनेक भागांत घराघरांतले मोडेम एकाएकी बंद पडू लागले. वीज होती, तारा जागेवर होत्या, बिलही भरलेले होते. इंटरनेट तेवढे नव्हते. ग्राहक बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोन सरकारी कंपन्यांचे होते. त्यांतली एमटीएनएल म्हणजे दिल्ली आणि मुंबईची टेलिफोन कंपनी. बीएसएनएलच्या सुमारे ६० हजार मोडेमना बाधा झाल्याच्या बातम्या आल्या. कारणही लवकरच कळले. कारखान्यातून निघताना मोडेमला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड दिलेला असतो, तो या ग्राहकांनी कधी बदललाच नव्हता. तोच वापरून कोणीतरी बाहेरून आत शिरले आणि मोडेम निकामी करून गेले. पासवर्ड ताबडतोब बदला, अशी सूचना मग बीएसएनएलने ग्राहकांना दिली.

या कृत्याची जबाबदारी एका अनामिकाने घेतली. तो स्वतःला ‘जॅनिटर’, म्हणजे सफाई कामगार, म्हणवत असे. त्याच्या प्रोग्रॅमला सुरक्षातज्ज्ञांनी आधीच ‘ब्रिकरबॉट’ हे नाव दिले होते, कारण तो चालत्या यंत्राची निव्वळ वीट करून टाकत असे. आपण हे लोकांच्या भल्यासाठी करतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आदल्या वर्षी, २१ ऑक्टोबर २०१६ला, ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर एकाच वेळी मारा केला होता. त्या दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास ठप्प झाल्या. जॅनिटरचा युक्तिवाद सरळ होता. दुबळ्या पासवर्डची यंत्रे आज ना उद्या गुन्हेगारांच्या हाती जाणारच. त्याआधी ती मारून टाकली तर इंटरनेट वाचेल. डिसेंबर २०१७मध्ये त्याने काम थांबवल्याचे जाहीर केले. तोवर एक कोटीहून अधिक यंत्रे बंद पाडल्याचा त्याचा दावा होता.

या माणसाला शत्रू म्हणायचे की स्वयंसेवक? संगणकाचा व्हायरस कधी उपयोगाचा असू शकतो का, हा प्रश्न संगणकशास्त्रात चाळीस वर्षे चर्चेत आहे आणि त्याचे उत्तर शोधायला दिल्लीसारखी दुसरी जागा नाही. व्हायरसची व्याख्या करणारा कायदा इथल्या संसदेत झाला. संगणकावरील हल्ल्यांची नोंद ठेवणारी ‘सर्ट-इन’ ही यंत्रणा लोधी रोडच्या सीजीओ संकुलात आहे. देशातले सर्वांत गाजलेले रॅन्समवेअर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे, प्रकरण इथल्या एम्समध्ये घडले. आणि सरकारच व्हायरस वापरत असेल तर काय, हा प्रश्न इथल्याच सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

चांगल्या व्हायरसचे जुने स्वप्न

तांत्रिकदृष्ट्या व्हायरस दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटून पसरतो, ‘वर्म’ स्वतःच्या पायांनी नेटवर्कभर फिरतो आणि बॉट दुरून आलेल्या आज्ञा पाळतो. सामान्य माणूस या सगळ्यांना व्हायरसच म्हणतो. या लेखातही तसेच म्हटले आहे.

वर्मचा जन्म सद्हेतूतून झाला. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन शॉक आणि जॉन हप या संशोधकांपुढे शंभरएक संगणक होते आणि रात्री ते नुसते पडून असत. मोकळा संगणक शोधून त्यावर काम करणारा आणि गरज पडली की पुढच्या संगणकावर स्वतःची प्रत चढवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. एका रात्री हा वर्म चालू ठेवून ते घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तर ठिकठिकाणचे संगणक कोसळलेले. पुन्हा चालू करावेत तर वर्म पुन्हा त्यांच्यात शिरे आणि ते पुन्हा कोसळत. कुठेतरी वर्मच्या एका प्रतीत बिघाड झाला होता आणि तीच प्रत सगळीकडे पसरली होती. सुदैवाने सर्व प्रती एकदम थांबवणारी आज्ञा त्यांनी आधीच तयार ठेवली होती. हा अनुभव त्यांनी १९८२मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा त्यांचीच, संगणक त्यांचेच, हेतू निर्मळ. तरीही एका रात्रीत ताबा सुटला.

पुढे १९८३मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकी विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर व्हायरसचा प्रयोग करून दाखवला. ‘व्हायरस’ हे नाव सुचवले त्याचे प्राध्यापक लेनर्ड ॲडलमन यांनी. कोहेनच्या १९८४च्या निबंधातच उपयुक्त व्हायरसचे एक उदाहरण आहे. असा व्हायरस प्रत्येक प्रोग्रॅमला चिकटेल, त्याला दाबून लहान करेल आणि डिस्कवरची जागा वाचवेल. कल्पना चांगली होती. विद्यापीठाच्या संगणकाचे व्यवस्थापक मात्र प्रयोगाचे निष्कर्ष पाहून हादरले. कोहेनच्या व्हायरसला संगणकाचे सर्वाधिकार मिळवायला एक तासही लागला नव्हता. असले प्रयोग आमच्या यंत्रावर पुन्हा नकोत, असे त्यांनी ठरवले. परवानगीचा प्रश्न असा व्हायरसच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

आपल्या शेजारची गोष्ट १९८६ची. लाहोरचे बासित आणि अमजद फारुक अल्वी हे भाऊ वैद्यकीय कामाचे सॉफ्टवेअर विकत. लोक त्याच्या चोरून प्रती काढतात म्हणून त्यांनी फ्लॉपीत शिरणारा ‘ब्रेन’ लिहिला. सर्वसामान्यांच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. त्यात त्यांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिले होते. कोणाची माहिती मुद्दाम पुसण्याची आज्ञा त्यात नव्हती. तरीही तो फ्लॉपीमागून फ्लॉपी करत समुद्रापार गेला आणि ज्यांनी त्यांचे सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नव्हते अशांचे फोन लाहोरला येऊ लागले. आपल्या मालाचे रक्षण हा हेतू रास्त म्हणता येईल, पण त्याची झळ बसली ती त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेल्यांना.

निसर्गात उपयुक्त विषाणू आहेत, मग संगणकात का नसावेत, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे आणि त्याचा एक धागा यमुनेच्या काठीच सापडतो. आग्ऱ्याला काम करणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन याने १८९६मध्ये लिहून ठेवले की गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू झपाट्याने मरतात. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंची, म्हणजे बॅक्टेरिओफेजची, ही पहिली चाहूल होती असे पुढे अनेकांनी मानले. असे विषाणू आज औषध म्हणूनही वापरले जातात. पण फेज विशिष्ट जीवाणूलाच धरतो, माणसाच्या पेशीला धरत नाही. ही निवड त्याच्या रचनेतच असते. संगणकाच्या व्हायरसला अशी कोणतीही नैसर्गिक मर्यादा नाही. समोरचे यंत्र घरातले आहे, बँकेतले आहे की रुग्णालयातले, हे त्याला कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही घरबसल्या कळू शकत नाही.

व्हायरसवर सोडलेला व्हायरस

चांगल्या व्हायरसची खरी परीक्षा २००३ साली झाली. ऑगस्टच्या ११ तारखेला ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म विंडोजमधल्या एका दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला. आठवडाभरात त्याच दोषातून दुसरा वर्म आला. त्याला ‘वेल्चिया’ किंवा ‘नाची’ म्हणतात. तो संगणकात शिरे, ब्लास्टरला शोधून काढून टाके, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून दुरुस्तीचा पॅच उतरवून घेई, तो बसवून संगणक पुन्हा सुरू करी आणि पुढच्या संगणकाकडे जाई. १ जानेवारी २००४नंतर स्वतःला पुसून टाकण्याची सोयही त्यात केलेली होती. याहून सभ्य व्हायरस कल्पिणे अवघड.

प्रत्यक्षात काय झाले? नवे संगणक शोधण्यासाठी वेल्चियाने नेटवर्कवर इतके संदेश सोडले की नेटवर्कच गुदमरली. एअर कॅनडाच्या विमानतळावरील नोंदणीत अडथळे आले. अमेरिकी नौदल आणि मरीन दलाच्या अंतर्गत नेटवर्कला फटका बसला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची व्हिसा अर्जदारांची नावे तपासणारी व्यवस्था काही तास बंद राहिली. विंडोजवर चालणारी काही एटीएम यंत्रेही त्याच्या तावडीत सापडली. मूळ रोगाशी लढायला आलेल्या या वर्मने अनेक ठिकाणी रोगाइतकाच त्रास दिला.

बल्गेरियन संशोधक व्हेसेलिन बोंचेव्ह यांनी १९९४मध्येच याची कारणे सविस्तर मांडली होती. पसरत जाणाऱ्या प्रोग्रॅमवर ताबा राहत नाही. त्यात चूक निघाली तर आधी गेलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. अँटिव्हायरसला चांगला कोण आणि वाईट कोण हे ओळखता येत नाही. शिवाय आपल्या नकळत यंत्रात काही बदलते आहे असे कळले की माणसाचा यंत्रावरचा विश्वासच उडतो. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक मुद्दा: चांगला व्हायरस जे करेल ते सगळे, न पसरणारा साधा प्रोग्रॅमही करू शकतो. डिस्क दाबून जागा वाचवायची आहे? त्यासाठी प्रोग्रॅम मिळतो. पॅच बसवायचा आहे? आज विंडोज आणि अँड्रॉइड रोज तेच करतात, आणि ते थांबवण्याचे किंवा पुढे ढकलण्याचे बटण बहुधा आपल्या हाती असते. पसरण्याच्या शक्तीमुळे व्हायरसला काम जास्त करता येते असे नाही. कोणाला न विचारता काम करता येते, एवढाच त्याचा फायदा.

पुण्याहून दिल्लीला आलेले औषध

विचारून काम करण्याचा मार्ग कसा असतो, याचे उदाहरण मराठी माणसाला जवळचे आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे त्यांनी संगणक दुरुस्तीचे काम धरले. दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रांत फ्लॉपीतून आलेले व्हायरस असत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी, ते साफ करण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले. १९९०च्या दशकात त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६मध्ये ती शेअर बाजारातही आली. घडले ते दुकानाच्या काउंटरवर: ग्राहक यंत्र घेऊन यायचा, दुकानदार साफ करू का विचारायचा, ग्राहक हो म्हणायचा.

हीच पद्धत देशपातळीवर नेण्याचा प्रयत्न दिल्लीत २१ फेब्रुवारी २०१७ला झाला. तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी त्या दिवशी ‘सायबर स्वच्छता केंद्रा’चे उद्घाटन केले. केंद्र चालवते सर्ट-इन. या संस्थेच्या नावामागेही एक वर्म आहे. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ला सोडलेल्या वर्मने त्या काळच्या इंटरनेटचा मोठा भाग आडवा झाला. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले ‘सर्ट’, म्हणजे संगणकीय आपत्तीसाठी तत्पर असलेले पथक, स्थापन झाले. भारतातले पथक जानेवारी २००४पासून काम करते आहे.

स्वच्छता केंद्राचे काम असे चालते. गुन्हेगारांच्या ताब्यात गेलेला संगणक त्यांच्या सर्व्हरशी अधूनमधून बोलत असतो. त्या बोलण्यावरून बाधित संगणकांचे इंटरनेटवरचे पत्ते केंद्राला मिळतात. केंद्र ते पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळवते. कोणत्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता हे कंपनीलाच ठाऊक असते, म्हणून कंपनी त्या ग्राहकाला संदेश पाठवते. ग्राहकाने केंद्राच्या संकेतस्थळावर जायचे, फुकटचे साधन उतरवून घ्यायचे आणि यंत्र स्वतः साफ करायचे. सुरुवातीला हे साधन क्विक हीलने दिले. पुढे इतर भारतीय कंपन्याही आल्या. बाहेरून कोणी यंत्रात शिरत नाही. शेवटचे बटण मालकच दाबतो.

ही पद्धत हळू आहे, हे मान्य केले पाहिजे. अनोळखी संदेशातल्या लिंकला हात लावू नका, असे सरकार आणि बँका लोकांना सतत बजावतात, आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथून साधन उतरवा’ हा संदेश फसवणुकीच्या संदेशासारखाच दिसतो. शहाणा माणूस तो पुसून टाकतो. दुसरी अडचण बाजारात आहे. नेहरू प्लेस हा दिल्लीचा संगणकांचा मोठा बाजार. इथल्या आणि देशभरातल्या दुरुस्तीच्या दुकानांत अनेक वर्षे एकच ठरलेला उपाय होता: फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका. ती विंडोज पुष्कळदा चोरीची असे आणि तिचे अपडेट बंद करून दिलेले असत. म्हणजे व्हायरस काढायला नेलेले यंत्र पुढच्या व्हायरससाठी मोकळे होऊनच घरी परते. अशी लाखो यंत्रे एका रात्रीत दुरुस्त करणारा कोणीतरी हवा, असे वाटणे स्वाभाविक आहे. जॅनिटरची अधीरता मला समजते. तिचा परिणाम मात्र मान्य करता येत नाही, कारण त्याने बंद पाडलेल्या मोडेमच्या पलीकडे कोणाचा ऑनलाइन अर्ज अडला, कोणत्या दुकानाचा व्यवहार थांबला, हे त्याने पाहिले नाही आणि त्याला पाहताही आले नसते.

एम्सचा धडा

२३ नोव्हेंबर २०२२च्या सकाळी दिल्लीच्या एम्समध्ये ‘ई-हॉस्पिटल’ ही संगणकव्यवस्था बंद पडली. देशभरातून आलेले रुग्ण ओपीडीच्या रांगेत उभे होते. नोंदणी, भरती, रक्तलघवीच्या तपासण्यांचे अहवाल, बिले, सगळे कागदावर आणि हाताने सुरू झाले आणि सुमारे दोन आठवडे तसेच चालले. दिल्ली पोलिसांनी खंडणी आणि सायबर दहशतवादाचा गुन्हा नोंदवला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. ई-हॉस्पिटलची माहिती बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवता आली, हे रुग्णांचे नशीब.

एखादा चांगला व्हायरस आधीच एम्सच्या नेटवर्कमध्ये फिरून पॅच बसवून गेला असता तर? विचार मोहात पाडतो, पण रुग्णालयात तो टिकत नाही. तिथल्या अनेक यंत्रांना, विशेषतः स्कॅनरसारख्या उपकरणांना जोडलेल्या संगणकांना, उत्पादकाने तपासून दिलेली ठरावीक प्रणालीच चालते. त्यांवर न विचारता बसवलेला पॅच उपकरण बंद पाडू शकतो. वेल्चियासारखे मध्येच यंत्र पुन्हा सुरू करणे ऑफिसात त्रासाचे असते, अतिदक्षता विभागात जिवावरचे. दुसरे असे की एम्समधली त्रुटी सरकारनेच संसदेत सांगितली: नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, म्हणून हल्लेखोरांना शिरकाव मिळाला. ही त्रुटी कोणताही व्हायरस दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी आराखडा लागतो, पैसा लागतो, नेमून दिलेली माणसे लागतात आणि वरिष्ठांनी ते काम महत्त्वाचे मानावे लागते. चांगल्या व्हायरसची आशा आपल्याला याच कंटाळवाण्या कामापासून दूर नेते, हा तिचा मोठा तोटा आहे.

न्यायालयाची परवानगी घेऊन

मालकाला गाठणे अशक्य आहे आणि यंत्र तर इतरांना इजा करते आहे, अशा वेळी काय करायचे? इतर देशांनी गेल्या काही वर्षांत इथे एक मधली वाट शोधली आहे.

फ्रान्सच्या पोलिसांनी २०१९मध्ये ‘रेटाडप’ या वर्मचा मुख्य सर्व्हर ताब्यात घेतला आणि त्याच्याशी बोलायला येणाऱ्या बाधित संगणकांना स्वतःला साफ करण्याची आज्ञा दिली. साडेआठ लाखांहून अधिक संगणक असे मोकळे झाले. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ‘इमोटेट’चे जाळे ताब्यात घेतले आणि २५ एप्रिलला तो व्हायरस स्वतःला काढून टाकेल अशी व्यवस्था केली. त्याच एप्रिलमध्ये एफबीआयने अमेरिकेतल्या शेकडो मेल सर्व्हरमधून घुसखोरांनी ठेवलेले प्रोग्रॅम पुसले. त्यासाठी टेक्सासमधल्या न्यायालयाचा आदेश घेतला होता. एफबीआयने तेवढेच पुसले. ज्या दोषामुळे घुसखोरी झाली तो दुरुस्त करण्याचे काम मालकांवर सोडले आणि त्यांना कळवण्याचा प्रयत्न केला.

रेटाडप आणि इमोटेटविरुद्धच्या या मोहिमांत स्वतः पसरणारे नवे काही सोडले गेले नाही. आधीच पसरलेल्या व्हायरसची दोरी गुन्हेगाराच्या हातून काढून घेतली गेली. अमेरिकेच्या प्रकरणात काम किती करायचे याची सीमा न्यायालयापुढे आखलेली होती. तिन्ही ठिकाणी काम संपल्यावर ते जाहीर झाले आणि चुकल्यास कोणाला जाब विचारायचा हे लोकांना माहीत होते. यावरही आक्षेप आहेत आणि ते असावेतच. पण निनावी जॅनिटरला जाब विचारण्याची सोयच नव्हती, हा फरक लहान नाही.

सरकारच्या उपयोगाचे व्हायरस

उपयुक्त व्हायरसचा विचार करताना सर्वांत अवघड प्रश्न राज्यसंस्थेचा आहे. काही व्हायरस बनवणाऱ्यांना निःसंशय उपयोगी पडले. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ २०१०मध्ये उघडकीस आला. त्याचे लक्ष्य एकच होते, पण सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या तेव्हाच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा क्रमांक होता. बाधित यंत्रांपैकी सुमारे ८ टक्के इथली होती. इराणच्या अणुकार्यक्रमावरून चाललेल्या भांडणाशी त्यांचा संबंध काय होता?

‘इटर्नलब्लू’चे प्रकरण तर रायगड जिल्ह्यापर्यंत पोहोचले. विंडोजमधल्या एका दोषावर बेतलेले हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने बनवले आणि मायक्रोसॉफ्टला न सांगता स्वतःकडे ठेवले, कारण हेरगिरीला ते उपयोगी होते. एप्रिल २०१७मध्ये ते चोरीला गेलेल्या इतर साधनांबरोबर इंटरनेटवर उघड झाले. महिन्याभरात, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ने ते वापरून ब्रिटनची रुग्णालये ठप्प केली. २७ जूनला तेच हत्यार वापरणारा ‘नॉटपेट्या’ आला. त्यात मर्स्क या जहाजकंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलवर कंटेनरांची चढउतार थांबली. एका देशाच्या सुरक्षेसाठी जपलेले हत्यार अवघ्या काही आठवड्यांत उरणच्या बंदरात काम बंद पाडते, यावरून या उपयोगाची किंमत कोण भरतो ते दिसते.

मग प्रश्न थेट दिल्लीत येतो. ‘पेगॅसस’ हे फोनमध्ये गुपचूप शिरणारे इस्रायली सॉफ्टवेअर भारतात पत्रकार, वकील, राजकीय नेते यांच्यावर वापरल्याचे आरोप झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ला चौकशी समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखालच्या या समितीत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले की सरकारला दरवेळी मोकळीक मिळते असे नाही, हे न्यायालयाने त्या आदेशात स्पष्ट केले. ऑगस्ट २०२२मध्ये समितीचे निष्कर्ष न्यायालयात सांगितले गेले. तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असेही सरन्यायाधीशांनी नोंदवले.

दुसरे प्रकरण पुणे आणि दिल्ली यांना जोडणारे आहे. भीमा कोरेगाव खटल्यात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८मध्ये दिल्लीच्या मुनीरका भागातून कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्याच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. ‘नेटवायर’ नावाच्या व्हायरसमार्फत या लॅपटॉपमध्ये दीर्घकाळ बाहेरून फायली ठेवल्या गेल्या, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१मध्ये मांडला. हे कोणी केले ते अहवालाने सांगितले नाही, आणि राष्ट्रीय तपास संस्थेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न कोणत्याही एका खटल्यापुरता नाही. यंत्रात मालकाच्या नकळत शिरणारी गोष्ट वाचू शकते, तशी लिहूही शकते. अशी शक्यता एकदा निर्माण झाली की त्या यंत्रातल्या पुराव्यावर कोणी, किती भरवसा ठेवायचा? संशयिताला न्याय मिळत नाही आणि खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा पुरावाही दुबळा होतो.

कायदा काय म्हणतो

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या ४३व्या कलमात संगणक व्हायरसची व्याख्या आहे. यंत्राचे नुकसान करणारा प्रोग्रॅम व्हायरस ठरतोच. पण त्यापुढे ‘किंवा’ घालून, दुसऱ्या संगणकसाधनाला स्वतः चिकटून काही घडताच चालू होणारा प्रोग्रॅमही त्यातच धरला आहे. नुकसान झालेच पाहिजे असे नाही. म्हणजे कोहेनचा जागा वाचवणारा व्हायरसही भारतीय कायद्याने व्हायरसच आहे. आणि या कलमाचा सगळा भार एका शर्तीवर आहे: मालकाची किंवा संगणकाचा ताबा असलेल्या व्यक्तीची परवानगी नसताना केलेले कृत्य.

६६व्या कलमानुसार हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की चांगल्या व्हायरसबद्दलची कायद्याची भूमिका उलगडते. वेल्चियासारखा वर्म सोडणाऱ्याच्या मनात खरोखर कपट नसेल तर तो तुरुंगातून सुटू शकेल. नुकसानभरपाईतून मात्र तो सुटणार नाही. सद्हेतू शिक्षा कमी करतो, परवानगीची जागा घेत नाही. मला हा कायद्याचा शहाणपणा वाटतो.

पण याच कायद्यात उणीवही आहे. ७०-ब कलमाने सर्ट-इनला माहिती मागवण्याचा आणि निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार हल्ल्याची खबर सहा तासांत देणेही बंधनकारक झाले. ६९व्या कलमाने सरकारला संदेश अडवण्याचा, पाहण्याचा आणि उकलण्याचा अधिकार आहे. मात्र एखाद्याच्या यंत्रात शिरून साफसफाई करण्याची वेळ आली, तर कोणत्या न्यायाधीशापुढे जायचे, मर्यादा कोण आखणार, मालकाला कधी सांगायचे आणि चूक झाल्यास भरपाई कोण देणार, याची स्पष्ट पद्धत या कलमांत लिहिलेली नाही. ती लिहिली गेली पाहिजे. नाहीतर मोठ्या संकटाच्या दिवशी कोणी तरी अधिकारी घाईघाईत, चांगल्याच हेतूने, जॅनिटरचेच काम करून बसेल.

त्याहून निकडीचे काम यंत्र विकणाऱ्यांकडे आहे. एकाच पासवर्डची हजारो यंत्रे बाजारात आली तर त्या बेफिकिरीचा भुर्दंड ग्राहकाने का भरावा? कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून घरगुती यंत्रांना असे सरसकट पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी घातली. भारताने २०२४मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणीची अट आणली. हीच अट घरात येणाऱ्या प्रत्येक जोडलेल्या यंत्राला लागू व्हावी, त्याला किती वर्षे अपडेट मिळतील ते खोक्यावर मराठी-हिंदीत छापलेले असावे आणि ती मुदत पाळली नाही तर कंपनीने यंत्र बदलून द्यावे. सार्वजनिक रुग्णालयांच्या अंदाजपत्रकात औषधांइतकाच संगणकसुरक्षेचा वेगळा आकडा असावा.

संगणकाचा व्हायरस उपयोगी असू शकतो का, याचे उत्तर मला असे दिसते. त्याने केलेले काम उपयोगी असू शकते, कधी कधी फार उपयोगी. पण ते काम करणारा प्रोग्रॅम विचारून आत येत असेल, थांबवल्यावर थांबत असेल आणि त्याच्यामागे जाब देणारे नाव असेल, तर त्याला व्हायरस होण्याची गरज उरत नाही. आणि यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर तो कितीही भल्यासाठी आलेला असो, त्याच्या चुकांचे ओझे ज्यांना त्याने कधी विचारलेच नाही त्यांनाच उचलावे लागते. म्हणून चांगला व्हायरस शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा, त्याची गरजच पडू नये अशी यंत्रे विकायला कंपन्यांना भाग पाडणे आणि अशा संस्था चालवायला सरकारला भाग पाडणे, हे आपले काम आहे.